जुन्या मॅसी ३५ चं ढिलं स्टेअरिंग : बॉक्सला हात सगळ्यांत शेवटी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मोहोळजवळ शेती आहे. आजोबांची मॅसी फर्ग्युसन ३५ बरीच वर्षं शेडमध्ये उभी होती, ती आता तुम्ही चालू केली. इंजिन झकास चालतंय, पण स्टेअरिंग पाव फेरा फिरवलं तरी पुढची चाकं जागची हलत नाहीत, आणि डांबरीवर जरा वेग घेतला की डावं चाक लटपटतं. एका मिस्त्रीने अख्खा स्टेअरिंग बॉक्स (स्टेअरिंगच्या दांड्याखालचा गिअरचा डबा) बदलायला सांगितलं, दुसऱ्याने पॉवर स्टेअरिंग बसवायला. खंडेनवमीला पूजा करून गाडी गावातून फिरवायची आणि पुढे पेरणीची हलकी कामं तिच्याकडून घ्यायची असा तुमचा विचार आहे.

या दोन्ही गोष्टी आत्ता करू नका. सोलापुरात ३५ वर्षं ट्रॅक्टरच्याच कामात आहे, त्यावरून सांगतो. जुन्या गाडीचं स्टेअरिंग एका जागी कधीच झिजत नाही. दहा ठिकाणी थोडंथोडं झिजतं आणि त्या सगळ्याची बेरीज तुमच्या हातात येते. म्हणून काम जमिनीकडून वर करत यायचं. आधी चाकाचे बेअरिंग, मग किंग पिन (ज्यावर चाक डावी-उजवीकडे वळतं तो उभा दांडा), मग एक्सल, मग लिंका (बॉक्सपासून चाकांकडे जाणारे दांडे), आणि बॉक्स अगदी शेवटी. उलट्या क्रमाने गेलात तर नवा बॉक्स बसवूनही निम्मा प्ले, म्हणजे सांध्यांतली ढिलाई, तसाच राहील.

पाव फेरा म्हणजे किती हे आधी नीट समजून घ्या. मोटार वाहन नियमांत स्टेअरिंगचा मोकळा प्ले ३० अंशांपर्यंत चालतो. स्टेअरिंगचं चाक ४५ सेंमी व्यासाचं धरलं तर कडेवर मोजून तो साधारण पावणेबारा सेंमी होतो. तुमचा पाव फेरा म्हणजे ९० अंश, कडेवर ३५ सेंमी. मर्यादेच्या तिप्पट. ही गाडी आत्ता रस्त्यावर काढायची नाही, गावातल्या गावातसुद्धा नाही.

हा प्ले एवढा मोठा का दिसतो त्याचाही हिशोब बघा. ड्रॉप आर्म (बॉक्समधून निघून लिंकला ढकलणारा हात) १५ सेंमी लांब आणि बॉक्सचा रेशो १५ ला १, म्हणजे स्टेअरिंग १५ अंश फिरलं की आर्म एक अंश, असा सोयीसाठी धरू. लिंकच्या टोकाच्या बॉल जॉइंटमध्ये (गोळीच्या सांध्यात) फक्त एक मिमी ढिलाई असली तरी स्टेअरिंगच्या कडेला ती जवळजवळ सव्वादोन सेंमी होऊन येते. एका लिंकला दोन जॉइंट, शिवाय किंग पिनचा बुश (पिनभोवतीची धातूची नळी), आर्म जागी धरणारी चावी. बॉक्स चांगला असूनही बेरीज कुठे जाते बघा.

आता या गाडीची खासियत. बहुतेक ट्रॅक्टरांना एक ड्रॅग लिंक एका चाकाला जाते आणि तिथून टाय रॉड दुसऱ्या चाकाला. ३५ ला टाय रॉडच नाही. बॉक्सच्या दोन्ही बाजूंना एकेक ड्रॉप आर्म, आणि प्रत्येक आर्मपासून इंजिनच्या कडेने एकेक लिंक आपापल्या चाकाकडे जाते. ही मांडणी हॅरी फर्ग्युसनच्या छोट्या करड्या ट्रॅक्टरांकडून आलेली, १९४६ च्या टीई २० लाही तीच होती. एक्सलचे दोन्ही पंख मागे तिरके झुकवलेले आहेत, त्यामुळे पुढच्या चाकांमधलं अंतर कमीजास्त केलं तरी लिंकांची लांबी बदलावी लागत नाही. माणसाने फार विचार करून केलेलं काम आहे. मी प्रत्येक वेळी एक्सल उघडताना ते बघतो आणि मनापासून आवडतं.

पण या मांडणीमुळे एक फसगत होते. स्टेअरिंग हलवून प्ले बघताना हाताला अडकतं ती जास्त घट्ट असलेली बाजू. उजवी लिंक बरी असेल तर हाताला प्ले कमी लागतो, आणि डावी पार खिळखिळी झालेली असली तरी कळत नाही. डावं चाक मात्र रस्त्यावर आपल्या मनाने चालतं. तुमचं डावं चाक लटपटतं ते याचमुळे असणार. आणि चांगल्या बाजूनेसुद्धा ९० अंश प्ले येतोय, म्हणजे दोन्ही बाजूंना सामाईक असलेल्या जागेतही, कॉलम (स्टेअरिंगखालचा दांडा), बॉक्स किंवा बॉक्सच्या बोल्टांत, काहीतरी नक्की आहे. बॉक्सवाला मिस्त्री पूर्ण चुकीचा नाही. त्याने सुरुवात फक्त चुकीच्या टोकाने केली.

तपासायला दोन माणसं, एक खडू आणि एक तास लागतो. गाडी सिमेंटच्या जमिनीवर, इंजिन बंद, चाकं सरळ. एकाने वर बसून स्टेअरिंग हळूहळू डावी-उजवी करायचं, पुढची चाकं हलायच्या बेतात येतील एवढंच. दुसऱ्याने खाली बसून प्रत्येक सांध्यावर बोटं अशी ठेवायची की अर्धं बोट एका भागावर आणि अर्धं दुसऱ्यावर. डोळ्याला न दिसणारी ढिलाई बोटाला ‘टक’ म्हणून लागते. सापडली की तिथेच खडूने आकडा लिहायचा. बॉक्सचे बोल्ट, दोन्ही ड्रॉप आर्म, चारही बॉल जॉइंट, किंग पिनवरचे आर्म, एकही सोडू नका. मग दोन्ही ड्रॉप आर्मवर लक्ष ठेवा. स्टेअरिंग फिरतंय आणि दोन्ही आर्म एकदमच उशिरा हलतात, तर ढिलाई कॉलम आणि त्यावर चालणाऱ्या बॉक्समधल्या नटाच्या बाजूला. एक आर्म लगेच निघतो आणि दुसरा मागे रेंगाळतो, तर ती बॉक्समधल्या दोन शाफ्टांच्या दातांमध्ये. एवढ्या एका निरीक्षणाने निम्मं निदान होतं, आणि त्यासाठी पाना हातात घ्यावा लागत नाही.

त्यानंतर पुढचा एक्सल उचला. मागच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावा, आणि जॅकच्या भरवशावर खाली जाऊ नका, एक्सलखाली लाकडी ओंडके द्या. चाक वर-खाली धरून हलवा. खडखड आली तर ती हब बेअरिंगची की किंग पिनची, हे ओळखायला स्टब एक्सल (चाक ज्यावर बसतं तो छोटा दांडा) आणि एक्सलचा बीम जिथे भेटतात तिथे बघा. तिथे हालचाल असेल तर किंग पिन. तिथे काही हलत नाही आणि चाकच हलतंय, तर बेअरिंग. बेअरिंगचा नट चाक फिरवत फिरवत आवळायचा, चाक जड लागलं की एक खाच मागे घ्यायचा आणि नवी स्प्लिट पिन टाकायची. रेस (बेअरिंगची कडी) खरवडलेली किंवा निळी पडलेली असेल तर आतला-बाहेरचा दोन्ही बेअरिंग बदला. सील तर बदलायचंच.

एक्सल हवेत असतानाच तो पुढे-मागे ढकलून बघा. एक्सल ज्यावर डुलतो ती मधली पिव्हट पिन झिजलेली असते. शिवाय या गाडीला एक्सलच्या दोन्ही टोकांपासून मागे जाणारे रेडियस रॉड आहेत. त्यांचं मागचं टोक गोळीसारखं असून वाटीत बसतं. ती वाटी झिजली की ब्रेक मारताना किंवा ढेकळावर आदळताना एक्सलचं ते टोक मागे सरकतं, पण लिंक आपल्या जागी असते, त्यामुळे चाक आपोआप वळतं. चालकाला वाटतं स्टेअरिंग ओढतंय. लिंका, जॉइंट सगळं बदलूनही गाडी ‘ओढते’ अशी तक्रार राहिली, तर दहापैकी बऱ्याच वेळा तिथेच सापडतं. बहुतेक जण त्या वाटीकडे बघतही नाहीत, कारण ती चिखलाखाली दडलेली असते.

आता किंग पिन. खरी मेहनत इथेच आहे, आणि आपल्या भागात खरी झीजही इथेच. आपली काळी माती ओली असताना किंग पिनच्या खालच्या तोंडाला चिकटते, वाळून टणक होते, आणि पुढच्या पाण्याबरोबर बारीक होऊन आत जाते. ग्रीसमध्ये मिसळली की ती घासायची पेस्टच. उन्हाळ्यात पारा ४४-४५ वर गेला की पातळ ग्रीस खाली उतरतं आणि वरचा बुश कोरडा पडतो. मी आजवर उघडलेल्या जुन्या गाड्यांत खालचा बुश लांबट भोकाचा झालेला आणि वरचा गंजलेला, ही जोडी सारखी दिसते.

आर्म काढण्याआधी सेंटर पंचने खुणा करा. क्लॅम्पचा बोल्ट पूर्ण काढा, नुसता ढिला करू नका, कारण काही ठिकाणी तो पिनच्या खाचेतून जातो. पिन खाली उतरली की केरोसीनने धुवा आणि नखाने तपासा. नख अडकेल अशी पायरी लागली तर ती पिन परत घालायची नाही. नवी मिळाली तर उत्तम, या मॉडेलचे पार्ट अजून मिळतात. नाहीच मिळाली तर पिन ग्राइंड करून थोडी बारीक करायची आणि तिच्या मापाचे बुश बनवून घ्यायचे. या बाबतीत आपण सोलापूरकर नशीबवान आहोत. अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या बाजूला पॉवरलूमचे पार्ट करणारे टर्नर आहेत, बुश बनवणं हा त्यांचा रोजचा हातखंडा. गनमेटलचा बुश सांगा, आत ग्रीसची खाच काढून घ्या, आणि भोक सुरुवातीला थोडं लहान ठेवायला सांगा. बुश प्रेसने किंवा लांब बोल्ट-वॉशरने ओढून बसवायचा, हातोड्याने नाही. ग्रीसचं भोक निपलच्या भोकासमोर आलं का हे बसवायच्या आधी बघा. बसवल्यावर तो आत थोडा दबतो, म्हणून वरचा आणि खालचा दोन्ही बुश एकाच लांब रीमरने (भोक मापात आणायचं हत्यार) एका ओळीत साफ करायचे. वेगवेगळे रीम केले की पिन तिरकी अडकते आणि स्टेअरिंग जड होतं. ०.०५ ते ०.१० मिमी मोकळीक पुरते. तेल लावलेली पिन स्वतःच्या वजनाने हळूहळू खाली उतरली पाहिजे, दाबावी लागता कामा नये आणि खडखडताही कामा नये.

एक्सलमधलं भोकच मोठं झालं असेल तर बुश नुसता हातानेच जातो. तेव्हा पत्र्याची पट्टी गुंडाळून बुश बसवायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. मी ती करत नाही आणि माझ्या पोरांनाही करू देत नाही. पत्रा महिनाभरात चुरा होतो आणि बुश फिरायला लागतो. भोक बोअर करून मोठ्या बाहेरच्या व्यासाचा बुश बसवा. दोन दिवस जास्त जातील, पण काम पक्कं होईल. किंग पिनखालचा, वजन पेलणारा थ्रस्ट बेअरिंग बदलताना झाकणाची बाजू वर ठेवा, म्हणजे पाणी आत साचत नाही.

लिंकांबद्दल. चारही बॉल जॉइंट एकदमच बदला. दोन बदलून दोन ठेवले तर मी वर सांगितलं तसं घट्ट बाजू हाताला लागते आणि ढिली लपून बसते. लुधियाना-राजकोटचा माल बाजारात मिळतो, दर्जा एकसारखा नसतो, म्हणून दुकानातच स्टड (जॉइंटचा आट्यांचा दांडा) हाताने फिरवून बघा. नवा जॉइंट हाताला घट्ट आणि सगळीकडे सारखा लागला पाहिजे. जुना काढताना स्टडच्या आट्यांवर ठोकू नका. नट दोन-तीन आटे ढिला ठेवून, आर्मच्या डोळ्याच्या दोन्ही बाजूंनी दोन हातोडे एकाच वेळी मारा. टेपर, म्हणजे स्टडचा निमुळता भाग, उडी मारून सुटतो. मग टेपरचं भोक तपासा. नव्या स्टडला काजळ लावा, भोकात घालून थोडं फिरवा आणि काढा. काजळ सगळीकडून पुसलं गेलं तर भोक चांगलं. फक्त एका कडेला पुसलं गेलं तर भोक लांबट झालंय, कितीही आवळलं तरी स्टड हलत राहणार, आर्म बदलावा लागेल. नट आवळल्यावर पिनचं भोक जुळलं नाही तर नट पुढे आवळून जुळवायचा, मागे कधीच नाही.

आर्मवर वेल्डिंग करायचं नाही. हे मी सगळ्यांना सांगतो आणि कारणही सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी बार्शीकडची एक गाडी क्लचच्या कामासाठी आमच्याकडे आली. फाटकातून आत वळताना, माणसाच्या चालीने, ड्रॉप आर्म तुटला आणि गाडी भिंतीला जाऊन टेकली. कोणाला काही झालं नाही. तुटलेला तुकडा मी हातात घेतला. तुटलेल्या तोंडाचा निम्म्याहून जास्त भाग तपकिरी, गंजलेला होता आणि उरलेली पट्टी तेवढी चकचकीत, दाणेदार. म्हणजे तडा कधीच पडला होता, वरून वेल्डिंगचा थर देऊन झाकला होता, आणि ती चकचकीत पट्टी एवढ्यावर गाडी कित्येक महिने उसाच्या ट्रॉल्या ओढत होती. हे आर्म फोर्जिंगचे, कडक केलेले असतात. वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारची जागा ठिसूळ होते. गॅसने तापवून वाकवणंही तेच. तुमच्या गाडीचे आर्म केरोसीनने धुऊन, खडूची पावडर चोळून एक रात्र ठेवा. तडा असला तर सकाळी पांढऱ्यावर तेलाची बारीक काळी रेघ उमटते.

एवढं सगळं झाल्यावर पुन्हा स्टेअरिंग हलवून प्ले मोजा. माझा अंदाज, तुमचे ९० अंश बरेच खाली आलेले असतील. उरलेलं काम बॉक्सचं.

ड्रॉप आर्म खुणा करूनच काढा आणि पुलरनेच काढा. बाजूने घातलेला घण शाफ्टमधून थेट दातांवर जातो. आधी तेल काढा. बऱ्याच जुन्या गाड्यांत तेलाऐवजी ग्रीस कोंबलेलं सापडेल, कारण सील गळायला लागल्यावर कुणीतरी तो उपाय केलेला असतो. ग्रीस एकदा बाजूला सरकलं की परत येत नाही आणि आतले भाग कोरडे चालतात. बॉक्सला ९० नंबरचं गिअर ऑइलच पाहिजे, त्यासाठी सील बदला. शाफ्टवर सीलची खाच पडली असेल तर नवं सील दोन-तीन मिमी आत-बाहेर बसवा, म्हणजे ओठ ताज्या जागेवर येतो.

३५ च्या बॉक्समध्ये कॉलम आणि नटाच्या मधल्या खाचेत सुट्या गोळ्या असतात. कॉलम उघडताना खाली मोठी थाळी आणि त्यात कापड ठेवा, निघालेल्या गोळ्या मोजून ठेवा. बदलायच्या तर सगळ्या एकाच मापाच्या, एकाच पाकिटातल्या. एखादीच नवी घातली तर सगळा भार तिच्यावर येतो आणि ती नटाच्या खाचेत खड्डे पाडते. खाचेत आधीच खड्डे असतील तर कॉलम आणि नट दोन्ही बदला. त्याला दुसरा इलाज नाही. कॉलम वर-खाली ओढून प्ले लागत असेल तर वरच्या झाकणाखालच्या शिम (पातळ चकत्या) कमी करा, पण एका वेळी एकच पातळ शिम, आणि दर वेळी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघायचं.

सगळ्यांत मोठी चूक इथेच होते. बॉक्स नेहमी मधोमध जास्त झिजतो, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच चालते. मधला प्ले घालवायला आवळत गेलात तर मध्ये छान लागतं, पण पूर्ण वळणावर न झिजलेला भाग येतो आणि स्टेअरिंग तिथे अडकतं. चालक बांधावर वळतो आणि स्टेअरिंग परत येत नाही. थोडा प्ले असलेलं स्टेअरिंग त्यापेक्षा शंभर पटीने बरं. लिंका सोडलेल्या असताना स्टेअरिंग दोन बोटांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरलं पाहिजे. त्यानंतर मध्ये जो काय प्ले उरेल तो तसाच ठेवा. एवढ्या वयाच्या गाडीला कडेवर चार-पाच सेंमी उरला तर मी खूश असतो.

जोडताना या टोकापासून त्या टोकापर्यंतचे फेरे मोजा, निम्मे परत या, तो बॉक्सचा मध्य. स्टेअरिंग तिथे बांधून ठेवा. टाय रॉड नसल्यामुळे दोन्ही चाकं स्वतंत्रपणे सरळ करावी लागतात. मागच्या दोन्ही चाकांना लागून, हबच्या उंचीवर, पुढे दोन दोऱ्या ताणा आणि प्रत्येक पुढचं चाक आपल्या दोरीशी समांतर करा. नुसतं पुढचं-मागचं अंतर जुळवलं तर टो-इन (चाकं पुढून किंचित आत वळलेली असणं) बरोबर दिसेल, पण दोन्ही चाकं जोडीने डावीकडे बघत असतील आणि बॉक्स मध्यावरून सरकलेला असेल. मग टो-इन मोजा. रिमच्या पुढच्या कडांमधलं अंतर मागच्यापेक्षा थोडं कमी पाहिजे, मी ३ मिमी ठेवतो. रिम वाकडी असू शकते, म्हणून गाडी चाकाचा अर्धा फेरा पुढे ढकलून दुसऱ्यांदा मोजा. लिंका दोन्हीकडे सारख्याच आट्यांवर आल्या का तेही बघा. एक फार आत आणि एक फार बाहेर असेल तर कुठेतरी आर्म वाकडा आहे.

पॉवर स्टेअरिंगचं म्हणाल तर ढिल्या सांध्यांवर ते बसवलं की हाताला काही कळेनासं होतं आणि तुटायच्या बेतातल्या आर्मवर जोर मात्र वाढतो. शिवाय आजोबांची गाडी आहे. किंग पिन नीट झाल्या, चाकांत हवा बरोबर असली, तर ३५ चं स्टेअरिंग हाताने हलकंच चालतं. उसाच्या ट्रॉलीला मात्र तिला जुंपू नका. मागचा भार पुढची चाकं उचलतो, चालक स्टेअरिंग हिसकतो, आणि चाक खाली आदळतं तेव्हा सगळा दणका तुम्ही आत्ताच बसवलेल्या बुशांवर येतो.

ग्रीस दर १० तासांच्या कामानंतर. किंग पिनला भरताना एक्सल जॅकने उचला. वजन खाली असताना भरलं तर दबलेल्या बाजूला ग्रीस पोचतच नाही, मोकळ्या बाजूनेच बाहेर येतं. जुनं काळं ग्रीस निघून स्वच्छ दिसेपर्यंत गन मारा. ओल्या रानातून आलात तर त्याच संध्याकाळी मारा, माती वाळायच्या आत.

पहिले १० तास शेतातच चालवा, तिसऱ्या गिअरच्या वर नको. त्यानंतर बॉक्सचे बोल्ट, आर्मचे क्लॅम्प आणि चारही नट पुन्हा आवळून बघा, नवे भाग बसतात तसे थोडे सुटतात. प्रत्येक स्प्लिट पिन डोळ्याने बघा. खडूचे आकडे आणि ड्रॉप आर्मचं निरीक्षण झालं की मला कळवा, कुठल्या बाजूचा आर्म रेंगाळतो ते विशेष करून. त्यावरून बॉक्स उघडावा लागेल की नाही ते सांगता येईल.